करणाऱ्याने शिकवावे, जाणत्याने तपासावे

कामाच्या जागी लागणारे शिक्षणसाहित्य काम करणाऱ्यांनीच तयार केले, तर ते अधिक उपयोगी ठरते. मालवण-तारकर्लीचा स्कूबा व्यवसाय घ्या. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या (एमटीडीसी) तारकर्लीतील संस्थेत डायव्हिंगचे रीतसर प्रशिक्षण मिळते. पण रोज पाण्यात उतरणाऱ्या गाइडला नवखा पर्यटक नेमका कुठे चुकतो, हे ठाऊक असते. ‘मजेत आहे’ सांगायला पर्यटक अंगठा वर करतो. पाण्याखाली त्या खुणेचा अर्थ ‘वर चला’ असा होतो. ‘ठीक आहे’ सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून वर्तुळ करायचे असते. ही गफलत होण्याआधी कशी टाळावी, हे अनुभवी गाइडने दोन मिनिटांच्या मालवणी व्हिडिओत दाखवले, तर नव्या सहकाऱ्याला ते चटकन उमगेल.

जिवाशी गाठ असलेल्या कामात चुकीची माहिती पसरली तर काय, ही शंका रास्तच आहे. त्यावरचा उपाय झेरॉक्स कंपनीने 1990च्या दशकात ‘युरेका’ उपक्रमात दाखवला. यंत्रे दुरुस्त करणारे तंत्रज्ञ आपल्या युक्त्या लिहीत, जाणकार सहकारी त्या तपासत आणि मगच त्या लेखकाच्या नावानिशी सर्वांना मिळत. स्कूबाच्या व्हिडिओतही खोली आणि आरोग्याचे नियम प्रमाणित प्रशिक्षकाचेच असावेत, स्थानिक अनुभवाची भर गाइडने घालावी. व्हिडिओ बनवायच्या वेळेचे म्हणाल, तर पावसाळ्यात जलक्रीडा बंदच असतात, तेव्हा ते करता येतील. मात्र हे कामच आहे, म्हणून त्याचा मोबदला मिळायलाच हवा.