माणसाच्या त्वचेवरील काळपुळी कशी ओळखावी

जनावरांचा फाशी रोग शेतकऱ्यांस परिचित आहे. परंतु तोच रोग माणसाच्या त्वचेवर उमटला म्हणजे पुष्कळदा साधे गळू समजून दुर्लक्षिला जातो. तो क्वचित आढळतो, हे एक कारण. दुसरे कारण नावाचे. पाठीवरील वा मानेवरील अनेक तोंडांच्या पुवाळलेल्या गळवासही आपल्याकडे काळपुळीच म्हणतात. येथे विचार आहे तो फाशीच्या जंतूंपासून होणाऱ्या काळपुळीचा.

मेलेले जनावर सोलताना, मांस कापताना अथवा कातडी हाताळताना किरकोळ ओरखड्यातून हे जंतू शरीरात शिरतात. बहुधा एक ते सात दिवसांत हात, चेहरा, मान अशा उघड्या भागी कीटक चावल्यासारखी खाजरी पुळी उठते. तिच्याभोवती पाणी भरलेले फोड येतात, मध्यभागी व्रण पडतो व त्यावर कोळशासारखी काळी खपली धरते. भोवतालची सूज पुळीच्या मानाने फार मोठी असते. मुख्य खूण ही की, एवढे होऊनही ती जागा सहसा दुखत नाही व तीत पू नसतो. साधे गळू ठणकते आणि पिकते. दुखत नाही म्हणूनच रोगी घरी बसून राहतो, हे ध्यानात घ्यावे.

स्क्रब टायफस या तापातही न दुखणारी काळी खपली आढळते. मात्र ती लहान, बहुधा काखेत वा जांघेत असते, आणि ताप जोराचा असतो. रोगी जनावराचे अर्धकच्चे मांस खाण्यात आल्यास तोंडात किंवा घशात व्रण होऊन गळा सुजतो. अशा रोग्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालयात न्यावे.

गावातील कार्यकर्त्याने प्रथम विचारावे: अलीकडे मेलेले जनावर हाताळले होते काय? लोक भीतीने हे सांगत नाहीत. म्हणून दोष न देता विचारावे.

पुळी कापू वा पिळू नये. फोडातील पाण्याचा नमुना डॉक्टरांनी औषधापूर्वी घेणे इष्ट, कारण प्रतिजैविके सुरू झाल्यावर जंतू सापडणे कठीण होते. सूक्ष्मदर्शकाखाली ते बांबूच्या कांड्यांप्रमाणे, चौकोनी टोकांचे दिसतात. रॉबर्ट कॉख यांनी 1876 साली ज्यांचा जीवनक्रम उलगडून दाखविला, तेच हे जंतू. उपचाराअभावी शंभरांपैकी दहा ते वीस रोगी दगावतात. वेळेवर उपचार झाल्यास मृत्यू विरळाच. औषधाने जंतू मेले तरी खपली आपल्या क्रमानेच पुरी होते, तेव्हा ती काळी पडत चालली म्हणून औषध सोडू नये.

जनावर अकस्मात मेले व नाकातोंडातून न गोठणारे काळसर रक्त आले, तर ते फाडू नये, सोलू नये. पशुवैद्यकीय अधिकाऱ्यास त्वरित कळवावे.