चौकटीतील मुके सोयरे

हिवाळ्यात धानोऱ्याच्या अंगणात सकाळचे कोवळे ऊन तिरपे उतरते. कुटुंबाचे छायाचित्र काढण्यास हीच वेळ उत्तम. गाय, वासरू, कुत्रा यांनाही त्यात स्थान द्यावयाचे असेल, तर एक पथ्य पाळावे. जनावराला माणसांच्या रांगेत ओढू नये. गाय जिथे निवांत रवंथ करते, तिथे माणसांनीच जाऊन बसावे.

याच गडचिरोली जिल्ह्यात, हेमलकसा येथे, २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. शिकारीत मेलेल्या माकडिणीला बिलगलेले जिवंत पिल्लू डॉ. प्रकाश आमटे यांनी मागून घेतले व घरी आणले. पुढे बिबटे, अस्वले, हरणेही तेथे वाढली. प्रकाश व मंदाकिनी आमटे यांच्या या प्राण्यांसोबतच्या छायाचित्रांत दिसणारा विश्वास एका क्षणात जमलेला नाही. तो रोजच्या घासातून आणि स्पर्शातून आला.

गोठ्यातील गायीचेही तसेच आहे. जिच्या पाठीवरून वर्षभर कोणी हात फिरवला नाही, ती त्या दिवशी बुजणारच. जिच्या दुधाचा हिशेब वहीत मांडला, तिला भाकड झाल्यावरही ज्या घराने सांभाळले, त्या घराच्या चौकटीत ती शोभते.