पंगतीतला ट्रॅक्टर आणि दात्यांचे गणित

बुलढाणा जिल्ह्यातील हिवरा आश्रम येथे विवेकानंद जयंतीच्या उत्सवात बसलेल्या पंगतींमधून ट्रॅक्टर मुंगीच्या पावलांनी फिरतात आणि ट्रॉलीतून पुरी-भाजी वाढली जाते. तोच ट्रॅक्टर नंतर रस्त्याने वेगात जातो. इंजिन एकच, मग हे साधते कसे?

समजा, इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेते आणि मागच्या चाकाचा परीघ ४ मीटर आहे. ताशी २४ किलोमीटर म्हणजे मिनिटाला ४०० मीटर. त्यासाठी चाकाचे १०० फेरे हवेत. म्हणजे इंजिनाच्या १८ फेऱ्यांना चाकाचा एक. ही घट मागच्या ॲक्सलमधील दंतचक्रे करतात. तेथे लहान पिनियन मोठ्या क्राउन चक्राला फिरवते. हे गुणोत्तर कायमचे असते.

याच जोडणीत ताशी २ किलोमीटर जायचे, तर इंजिनाला १५० फेरेच घ्यावे लागतील आणि ते बंद पडेल. क्लच अर्धवट दाबून रेटले, तर क्लच जळेल. म्हणून गिअरपेटी आणखी १२ पट घट करते. वेग १२ पट घटतो, तर घर्षण सोडल्यास चाकाची ओढ १२ पट वाढते.

आता ॲक्सलचे गुणोत्तर १८ ऐवजी २४ केले तर? ओढ एक-तृतीयांशाने वाढेल. पण २४ चा वेग १८ वर येईल आणि २ चा दीडवर. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग; एक वाढले की दुसरे घटते.

शर्यतीच्या मोटारीलाही हाच नियम लागू. मोठ्या गुणोत्तराने ती झटकन सुटते; पण रोजच्या रस्त्यावर त्याच वेगासाठी इंजिनाला जास्त फेरे घ्यावे लागतात आणि पेट्रोल जास्त जळते. म्हणून आधी काम ठरवावे, मग दाते.

गुणोत्तर १५ केले, तर ट्रॅक्टरचे दोन्ही वेग किती होतील? आणि पंगतीसाठी तो चालेल का? गणित करून पाहा.