समुद्रकाठचा आचारी

खानावळीत जेवावयास बसलेल्या माणसाला वाटते की, आचाऱ्याचे काम चुलीपाशी सुरू होते. तवा तापला, तेल सुटले, मासा त्यावर पडला, की स्वयंपाकास प्रारंभ झाला, अशी आपली समजूत असते. समुद्रकाठच्या गावी मात्र ही समजूत खरी ठरत नाही. मालवण, वेंगुर्ले, देवगड अशा गावांतील खानावळीचा आचारी प्रथम दिसतो तो चुलीपुढे नव्हे, तर किनाऱ्यावरील ओल्या वाळूत, हाती रिकामी पिशवी घेऊन उभा असलेला. त्याच्या दिवसाचे सर्वांत कठीण काम तेथेच होऊन जाते.

मालवणच्या किनाऱ्यावर पूर्वापार रापण ओढली जाते. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढावयाचे लांबलचक जाळे. होडी हे जाळे समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकीत जाते आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर आली की दोन्हीकडून माणसांच्या रांगा ते हळूहळू ओढू लागतात. जाळे जवळ येते तसे पाणी उसळू लागते, वर घारी घिरट्या घालतात, आणि वाळूवर पाट्या घेतलेल्या बायकांची गर्दी जमते. यांत्रिक नौकांनी आणलेला मासा बंदरावर उतरतो, तेथेही असाच गलबला असतो. लिलाव पुकारला जातो, बोली चढतात, आणि बघता बघता माल निरनिराळ्या पाट्यांत विभागला जातो. ह्या गर्दीत आचाऱ्याला थोड्या वेळात पुष्कळ गोष्टी ठरवावयाच्या असतात.

तो प्रथम माशाचा डोळा पाहतो. ताज्या माशाचा डोळा फुगीर व काचेसारखा स्वच्छ असतो. शिळ्या माशाचा डोळा खोल जातो व त्यावर ढगाळ पडदा येतो. मग तो कल्ला उचलतो. आतील रंग लालबुंद असावा. तो तपकिरी झाला असेल, किंवा त्यावर चिकट बुळबुळीत थर असेल, तर पाटी पुढे सरकवावी. पोटावर बोटाने दाबले असता पडलेला खळगा लगेच भरून आला पाहिजे. खवले अंगास घट्ट चिकटलेले असले पाहिजेत. खेकडा हातात घेतला की आकाराच्या मानाने जड लागावा, आणि तो जिवंतच हवा. तिसऱ्यांच्या शिंपा मिटलेल्या असाव्यात. उघडी असलेली शिंप टिचकी मारूनही मिटली नाही, तर आतला जीव मेला आहे असे समजावे.

ही सारी पारख डोळ्यांची आणि बोटांची. पण ती पुरेशी नाही, आणि ह्या धंद्यातील खरी जबाबदारी येथेच आहे. बांगडा, सुरमई, कुपा, तारली ह्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य विपुल असते. मासा पकडल्यानंतर काही तास बर्फावाचून उन्हात राहिला, तर जंतू ह्या द्रव्यापासून हिस्टामिन तयार करतात. असा मासा खाणाऱ्याचा चेहरा लाल होतो, अंगास खाज सुटते, डोके दुखू लागते, छातीत धडधडते. हे विष शिजविल्याने नाहीसे होत नाही. आमटी कितीही उकळा, तुकडी कितीही खरपूस तळा, ते तसेच राहते. त्याहून वाईट गोष्ट अशी की, मासा दिसावयास कित्येकदा चांगलाच असतो आणि त्याला वासही येत नाही.

म्हणून जाणता आचारी माशाकडे पाहून थांबत नाही. तो विचारतो, ‘ह्यो बांगडो कधीचो गे?’ पाटीपाशी बसलेली बाई म्हणते, ‘आताच रापणीक गावलो.’ हे उत्तर खरे की खोटे, हे माशाच्या अंगावर लिहिलेले नसते. ते त्या बाईच्या आणि आचाऱ्याच्या वर्षानुवर्षांच्या व्यवहारावर अवलंबून असते. जी बाई एखाद्या दिवशी स्वतःच ‘आज घेव नका’ असे सांगते, तिच्याच पाटीशी आचारी पुन्हा पुन्हा जातो. ह्या धंद्यात ओळखीला मोल आहे ते असे. घेतलेला मासा लगोलग बर्फात घालावा लागतो. आपल्याकडील उष्ण हवेत माशाच्या वजनाइतका तरी बर्फ असावा, असा जुना हिशेब आहे. तेथे काटकसर करून चालत नाही.

आता कोणी म्हणेल की, मसाला चांगला तिखट असला म्हणजे थोडाफार शिळा मासाही खपून जातो. दुर्दैवाने तो खपतो. समुद्रातील माशाच्या अंगी एक गंधहीन द्रव्य असते. मासा मेल्यावर जंतू त्यापासून ट्रायमेथिलअमाइन नावाचे उडून जाणारे द्रव्य बनवितात, आणि माशाचा जो परिचित वास आपणांस येतो तो ह्याचाच. कोकम, चिंच किंवा लिंबू यांतील आम्ल त्यास मिळाले की त्याचा क्षार बनतो व तो हवेत उडत नाही; म्हणजेच वास येईनासा होतो. कोकणातील स्वयंपाकात माशाला आमसूल लावतात, त्याचे एक कारण हे आहे. ताज्या माशाला त्यामुळे रुची येते. शिळ्या माशाचा मात्र दोष झाकला जातो, निघून जात नाही. म्हणून अनुभवी आचारी आंबट लावण्यापूर्वीच माशाचा वास घेतो. एकदा कोकमाचे आगळ लागले की त्याचे नाकही फसण्याचा संभव असतो.

ही विद्या कोठे मिळते? पुष्कळदा ती भांड्यांच्या ढिगापाशी सुरू होते. खानावळीत नवा आलेला मुलगा प्रथम पाणी भरतो, भांडी घासतो. मग त्याला कोळंबी सोलावयास बसवितात. कोळंबीच्या पाठीतून जाणारा काळा दोरा हे तिचे आतडे होय. तो काढावयाचा राहिला तर जेवणाऱ्याच्या दातांखाली वाळू लागते आणि ओरडा मुलाला बसतो. पुढे विळीवर मासे चिरावयास मिळतात. येथे प्रत्येक जातीची रीत निराळी. सुरमईच्या आडव्या तुकड्या पाडतात, बांगड्याला दोन्ही अंगांस तिरप्या चिरा देतात, तिसऱ्या विळीवर उघडून मांस एका शिंपीत राखतात, आणि बोंबील पाण्याने इतका भरलेला असतो की तो वजनाखाली दाबून निथळल्यावाचून तव्यावर टाकता येत नाही. पोट साफ करताना पित्ताची पिशवी फुटली तर मासा कडू होतो. हे पुस्तकात वाचून कळते. पण ती फुटू न देण्याचे बोट मात्र शेकडो मासे चिरल्यावरच तयार होते.

त्यानंतर वाटण. ओले खोबरे, धणे, सुक्या मिरच्या, हळद. पाट्यावरवंट्याची जागा आता बहुतेक ठिकाणी विजेच्या यंत्राने घेतली आहे, आणि त्याबद्दल हळहळणाऱ्यांनी एक दिवस तरी पन्नास माणसांचे वाटण पाट्यावर वाटून पाहावे. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे घालतात. त्यांतील काळे बी टाकून द्यावयाचे व केवळ टरफल किंचित ठेचून घ्यावयाचे. ते वाटणात बारीक वाटले तर सारा रस्सा कडवट होतो. मालवणी मसाल्याची तयारी तर उन्हाळ्यातच, मिरच्या व धणे कडकडीत वाळवून, वर्षाची बेगमी म्हणून केली जाते.

चूल सर्वांत शेवटी. बकऱ्याच्या मांसातील स्नायू जोडणारे तंतू चिवट असतात व ते मऊ होण्यास बराच वेळ लागतो. माशाचे शरीर पाण्यानेच तोलून धरलेले असल्यामुळे त्याला तसल्या बळकट तंतूंची गरज नसते. म्हणून तो थोड्याच वेळात शिजतो आणि थोड्याच वेळात बिघडतोही. रस्सा आधी चांगला उकळावा, तुकड्या मागाहून सोडाव्यात, आणि त्यानंतर पळी घालू नये. पातेलेच दोन्ही हातांनी धरून हलवावे. नवखा आचारी ओळखावयाचा असेल तर त्याच्या पातेल्यात डोकावावे. आत तुकड्या कमी आणि चुरा जास्त असतो!

‘आचारी’ हा शब्द पुल्लिंगी असला तरी कोकणातील कित्येक खानावळींची चूल स्त्रियाच सांभाळतात. मुंबईच्या गिरणगावातही कोकणातून एकटे आलेल्या कामगारांना घरगुती खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांनीच जेवू घातले. त्यांच्या कष्टांना पुष्कळ काळ धंदा असे कोणी म्हणतही नव्हते. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून ह्या स्त्रियांना एकत्र आणले.

मालवणकडील खानावळींचे गिऱ्हाईक मात्र गेल्या काही दशकांत पार बदलून गेले. पूर्वी ते कामानिमित्त गावात आलेले ओळखीचे लोक असत. १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ साली कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला, आणि किल्ला व समुद्र पाहावयास दूरदूरचे पाहुणे येऊ लागले. धंदा वाढला. त्याबरोबर आचाऱ्यापुढे एक नवा पेच उभा राहिला. परगावच्या पाहुण्याला बहुधा तीनच नावे ठाऊक असतात: पापलेट, सुरमई आणि कोळंबी. समुद्राला ही यादी ठाऊक नसते. एखाद्या दिवशी सुरमई मिळतच नाही. मिळाली तर तिचा भाव असा कडाडलेला असतो की ठरलेल्या किमतीच्या ताटात ती वाढणे परवडत नाही. अशा वेळी दोन वाटा असतात. बर्फातील जुनी तुकडी बाहेर काढावयाची, किंवा दुसऱ्या एखाद्या माशाची तुकडी सुरमई म्हणून वाढावयाची. माशाची डोके-शेपटी गेली आणि वर रव्याचा थर चढला, म्हणजे त्याची जात ओळखणे जेवणाऱ्यास कठीणच असते.

तिसरीही वाट आहे. ‘आज सुरमय गावाक नाय. बांगडे ताजे आसत, ते देतंय.’ हे वाक्य बोलावयास सोपे वाटते. पण दूरवरून आलेले आठ पाहुणे ते ऐकून उठतात व समोरच्या खानावळीत जातात, हे पाहणे सोपे नसते. त्या दिवसाचा गल्ला हलका होतो. जे बसून राहतात त्यांच्या पानात मात्र त्या दिवशीचा बांगडा पडतो, आणि माझ्या मते तरी, बर्फातल्या चार दिवसांच्या सुरमईपेक्षा तो केव्हाही सरस. मुडदुशे, पेडवे, सौंदाळे हे मासे गावकरी आवडीने खातात. पाहुण्यांनी त्यांची नावेही ऐकलेली नसतात.

मासा लहान असला तरी आचाऱ्यास विचार करावा लागतो. ताटात मावेल एवढे छोटे पापलेट अख्खे तळून वाढण्याची हौस पुष्कळांना असते. परंतु एकदाही अंडी न घातलेला मासा असा ताटात गेला तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय यावे? २०२३ साली महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले. त्याच वर्षी ५४ जातींचे मासे किती लांबीपेक्षा लहान असता पकडू नयेत, हेही ठरवून दिले. नियम किनाऱ्यावरचा आहे. तरी गिऱ्हाईकच नसेल तर पिल्ले कोण विकणार, एवढे आचाऱ्याच्या हाती आहे.

जून महिना लागला की सारेच बदलते. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीची बंदी असते, कारण हा अनेक माशांच्या विणीचा काळ होय. मग खाडीतील मासा आणि उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले बोंबील, सोडे व खारे बांगडे यांवर खानावळ चालते. पुढे श्रावण येतो, कित्येक लोक मासे वर्ज्य करतात, आणि आचाऱ्याला काळ्या वाटाण्याची उसळ व वडे यांत आपले कसब दाखवावे लागते. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला की कोळ्यांप्रमाणे तोही आभाळाकडे पाहू लागतो.

आज हा धंदा शिकविणाऱ्या संस्थाही आहेत. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ साली मुंबईत अशी एक संस्था निघाली, आणि आता देशभर त्यांचे जाळे पसरले आहे. तेथून बाहेर पडलेला तरुण तापमापक वापरतो, शीतपेटीची नोंद ठेवतो, हिशेब मांडतो. मोठ्या हॉटेलात किंवा जहाजावरही त्याला काम मिळते. खानावळीत वाढलेल्या आचाऱ्याला हे सारे येत नाही, आणि ते यावयास हवे. उलट त्या तरुणाला किनाऱ्यावर नेऊन चार पाट्यांपुढे उभे केले तर तो गोंधळतो. दोघेही एकमेकांना थोडेसे हसतात. एका स्वयंपाकघरात ते दोघे वर्षभर राहिले तर हसणे आपोआप कमी होते.

खानावळीत पगार केव्हाही वाढतो. पण मुलगा आचारी झाला असे मानण्याचा दिवस निराळा असतो. त्या दिवशी मालकीणबाई आजारपणामुळे म्हणा, पाहुण्यांमुळे म्हणा, घरी राहतात आणि त्याच्या हाती पैसे देऊन त्याला एकट्यालाच किनाऱ्यावर धाडतात. तो बऱ्याच वेळाने परततो. पिशवी अर्धीच भरलेली असते, आणि उरलेले पैसे तो मुकाट्याने पाटावर ठेवतो. अर्धीच का, असे त्या विचारीत नाहीत. वरचा एक बांगडा उचलून त्या त्याचा कल्ला उघडतात, आत पाहतात, आणि वाटणाचे खोबरे किती काढावयाचे ते सांगू लागतात.