आधी खुराडा, मग कोंबडी

दिवेलागणीला कोंबड्या खुराड्याच्या दारापर्यंत येऊन माघारी फिरू लागल्या, एकेक करून बाभळीवर नाही तर कोठ्याच्या आढ्यावर जाऊन बसू लागल्या, तर त्यांना हाकलून आत कोंडण्याआधी खुराडा तपासावा. अंधार पडला की कोंबडीला सवयीची, आडोशाची जागा हवी असते. ती जागा ती आपणहून सोडते तेव्हा आत रात्री तिला काहीतरी चावते आहे, असेच धरून चालावे.

वर्धा जिल्ह्यात आर्वी-आष्टीपासून हिंगणघाट-समुद्रपूरपर्यंत कितीतरी घरांच्या सांदवाडीत कोंबड्या असतात. त्यांत गावरान असतात, गिरिराज-वनराजाही असतात. अंडी विकून आलेला पैसा बहुधा घरातल्या बाईच्या हाती राहतो, त्यामुळे अंडी घटली की तिलाच आधी कळते. पण दोष दिला जातो उन्हाला किंवा दाण्याला. उवा, माइट आणि गोचीड यांमुळे कोंबडी सहसा एका रात्रीत मरत नाही. तुरा पांढुरका पडतो, वजन उतरते, अंडी थांबतात, पिले एकेक करून जातात. मग कोणीतरी पावडर आणून कोंबडीच्या पाठीवर शिंपडते, चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. असे का होते, हे समजायला यातला कोणता जीव कुठे राहतो ते आधी पाहावे लागते.

उवा कोंबडीच्या अंगावरच जन्मतात आणि तिथेच मरतात. त्या साधारण दोन-तीन मिलिमीटरच्या, वाळल्या गवताच्या रंगाच्या असतात. बहुतेक जाती रक्त न पिता पिसांचे कण आणि कातडीचा कोंडा खातात. अंगावरची मोठी ऊ मात्र कोवळ्या पिसांचे देठ कुरतडून रक्तही काढते. त्या शोधायला भर दिवस चांगला. कोंबडी काखेत धरून शेपटीखालची, गुदद्वाराभोवतीची पिसे बोटांनी उलटी करावीत. उजेड पडताच उवा पळताना दिसतात आणि पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे गठ्ठे चिकटलेले आढळतात. पंखाखाली, मानेवर आणि पिलांच्या डोक्यावरही बघावे. या लिखांमधून चार ते सात दिवसांत पिल्लू बाहेर येते आणि दोन-तीन आठवड्यांत त्याची पूर्ण ऊ होते. कोंबडीपासून वेगळी पडलेली ऊ मात्र आठवडाभरही धड जगत नाही.

लाल माइटचे सगळे याच्या उलट आहे. हा जीव एक मिलिमीटरपेक्षाही लहान, उपाशी असताना राखाडी आणि रक्त प्यायल्यावर लाल असतो. दिवसा तो कोंबडीवर नसतोच. बसायच्या दांडीच्या खालच्या बाजूला, बांबूच्या पोकळ टोकात, फळ्यांच्या सांध्यांत, अंडी घालायच्या टोपल्याच्या विणीत तो दडून राहतो आणि रात्री वर चढतो. दुपारी कोंबडी धरून कितीही पिसे उलटली तरी हाती काही लागत नाही, आणि माणूस कोंबडी चांगली आहे असे समजून निश्चिंत होतो. त्याला पकडायचे तर रात्री नऊ-दहाला टॉर्च घेऊन जावे आणि पांढरे फडके दांडीच्या खालून घासावे. फडक्यावर तांबडे डाग उठले तर शंका उरत नाही. दुसरी युक्ती म्हणजे दांडीच्या टोकाला चिंधी गुंडाळून ठेवावी आणि सकाळी उलगडून पाहावी. उबदार हवेत याची एक पिढी सात ते दहा दिवसांत तयार होते आणि रक्त न मिळताही तो महिनोन्‌महिने तग धरतो. ‘खुराडा महिनाभर रिकामा ठेवला, आता सगळे मेले असतील’ हा हिशेब म्हणूनच चुकतो. कोंबड्यांच्या अंगावरच राहणारी माइटची आणखी एक जात आहे. ती असली तर गुदद्वाराभोवतीची पिसे मळकट, काळपट दिसतात.

तिसरी गोचीड. विदर्भातल्या माणसाने सगळ्यांत जास्त लक्ष हिच्याकडे द्यावे असे मला वाटते, कारण कोरडी, उष्ण हवा तिला मानवते. गाईबैलांच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडीपेक्षा ही वेगळी. ती चपटी, चामड्यासारख्या अंगाची असते आणि रक्त प्यायली की निळसर-करडी दिसते. मोठी गोचीड रात्री अर्धा-पाऊण तास रक्त पिते आणि भिंतीच्या भेगेत, कवेलूंच्या खाली नाही तर झाडाच्या सालीत परत जाते. न खाता ती वर्षा-दोन वर्षांहून जास्त जगू शकते. तिची पिल्ले मात्र पाच ते दहा दिवस कोंबडीला चिकटून असतात. पंखाखाली किंवा मांडीच्या आतल्या बाजूला गडद निळसर मण्यांसारखे काही दिसले तर ती हीच.

ही गोचीड केवळ रक्त पीत नाही, तिच्या चाव्यातून स्पायरोकीटोसिस नावाचा ताप पसरतो. कोंबडी पिसे फुगवून डोळे मिटून बसते, हिरवी पातळ विष्ठा टाकते, पाय लुळे पडतात आणि अनेकदा मरते. गावात याला सरसकट मानमोडी म्हटले जाते, आणि लस दिली होती तरी मानमोडी आली म्हणून लसीवरचा विश्वास उडतो. पण मानमोडी विषाणूमुळे होते आणि तिला औषध नाही. हा ताप जिवाणूमुळे येतो आणि वेळेवर पेनिसिलीन मिळाले तर कोंबडी वाचू शकते. कोणता आजार आहे हे पशुवैद्यकाने ठरवायचे. आपण एवढे करावे की दवाखान्यात नुसती आजारी कोंबडी न नेता खुराड्याच्या भेगेत सापडलेली गोचीडही काडेपेटीत घालून न्यावी. निदान करायला तिचा मोठा उपयोग होतो.

पायांवरच्या खवल्या वर उचलून खडबडीत, पांढरट पापुद्रे धरणे हे चौथ्या जिवाचे काम. ही माइट खवल्यांच्या खाली बिळे करून राहते आणि हळूहळू पसरते. कोमट साबणाच्या पाण्यात पाय भिजवून जुन्या मऊ ब्रशने हलके घासावेत, कोरडे करून करंजाचे, खोबऱ्याचे तेल किंवा व्हॅसलिन जाड थराने लावावे, आणि पाय सुधारेपर्यंत दर दोन-चार दिवसांनी पुन्हा लावत राहावे. तेलाच्या थराखाली माइट गुदमरते. खवल्या नखाने उचकटू नयेत आणि रॉकेल अजिबात लावू नये, कातडी भाजते.

आता उपचार. माइट आणि गोचीड यांचे घर खुराडा आहे हे एकदा ध्यानात आले की कामाचा क्रम आपोआप ठरतो. उन्हाचा, सुट्टीचा एक दिवस धरावा. सकाळी कोंबड्या बाहेर पडल्या की आतले सगळे काढावे: विष्ठा, जुने कुटार, टोपल्यांतले गवत. हा कचरा शेजारच्या उकिरड्यावर टाकला तर रात्रीपर्यंत त्यातले जीव परत येतात. तो दूर नेऊन जाळावा नाही तर खोल पुरावा. मग दांड्या, फळ्या, सुटे होईल ते सगळे बाहेर काढून त्यावर उकळते पाणी ओतावे, विशेषतः सांध्यांवर, आणि कडक उन्हात टाकावे. विटामातीची भिंत असेल तर भेगा शेणमातीने दाबून बुजवाव्यात आणि वाळल्यावर चुन्याचा दाट हात द्यावा. आधी भेग बुजवायची, मग चुना लावायचा. नुसता चुना भेगेच्या तोंडावर बसतो आणि गोचीड आत सुखरूप राहते. चुना विझवताना तो उकळतो आणि उडतो, म्हणून मुलांना लांब ठेवावे.

तुराट्यांच्या कुडाचा खुराडा असेल तर भेगा बुजवणे शक्य नाही, कारण सगळा कूड म्हणजे भेगाच असतात. तिथे मी दुरुस्तीच्या नादी लागू नये असेच सांगेन. तूर निघाली की घरात नव्या तुराट्या असतातच. दरवर्षी त्या वेळी जुना कूड काढून लांब नेऊन जाळावा आणि नवा बांधावा. पऱ्हाटीच्या काड्यांच्या आडोशालाही हेच लागू. फवारणीपेक्षा हे स्वस्त पडते आणि जास्त खात्रीचे आहे.

बसायची दांडी बदलताना बांबू टाळावा, आणि वापरायचाच तर त्याची पोकळ टोके मातीने बंद करावीत. साल काढलेली गुळगुळीत काठी उत्तम. तिची टोके भिंतीला लागू देऊ नयेत. दोन खुंट उभे करून त्यांवर दांडी टेकवावी आणि प्रत्येक खुंटाचे बूड इंजिनाच्या जुन्या तेलाने भरलेल्या डब्यात ठेवावे. जमिनीवरून वर चढायचा रस्ता एवढ्यानेच तुटतो. डब्यावर जाळी ठेवावी, म्हणजे पिले तेलात पडणार नाहीत.

औषधाचा प्रश्न यानंतर येतो, आणि वर्धेसारख्या कापसाच्या जिल्ह्यात याच टप्प्यावर खरा धोका आहे. घराच्या कोपऱ्यात पऱ्हाटीवर मारायच्या औषधाची उरलेली बाटली असते. कीडच मारायची आहे, मग हेच थोडे पाण्यात घालून कोंबड्यांवर मारले तर काय बिघडले, असा विचार सहज मनात येतो. कृपा करून तसे करू नये. वर्धा नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा लागतो. तिथे 2017 च्या हंगामात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मरण पावले. त्यानंतर राज्य सरकारने विदर्भातल्या काही जिल्ह्यांत काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली. त्यांत मोनोक्रोटोफॉस होते, तसेच फिप्रोनिल असलेले एक मिश्रणही होते. त्याच वर्षी नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये कोंबड्यांच्या शेडमधली लाल माइट मारायला वापरलेल्या औषधात फिप्रोनिल मिसळलेले निघाले. ते औषध वनस्पतिजन्य म्हणून विकले जात होते. विष अंड्यांत उतरले होते, आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. कोंबडीच्या अंगावर पडलेले औषध अंड्यात येऊ शकते आणि ते अंडे आपल्याच घरातले मूल खाते.

सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन ही नावे पिकांच्या आणि जनावरांच्या दोन्ही औषधांवर दिसतात, त्यामुळे घोटाळा होतो. नाव एक असले तरी पिकाच्या बाटलीतले प्रमाण आणि त्यातले विरघळवणारे द्रव वेगळे असतात, आणि ते जनावराच्या कातडीसाठी केलेले नसतात. जनावरांसाठीचे औषध पशुवैद्यकीय दवाखान्यातून किंवा त्यांच्या चिठ्ठीने घ्यावे. कोंबड्यांसाठी किती पातळ करायचे आणि किती दिवस अंडी खायची-विकायची नाहीत, हे दोन प्रश्न विचारूनच बाहेर पडावे. पशुसंवर्धन विभागाचा 1962 हा निःशुल्क क्रमांक आहे आणि सेलसुऱ्याचे कृषी विज्ञान केंद्र जिल्ह्यातच आहे. आयव्हरमेक्टिनचे थेंबही बरेच जण सुचवतात. ते रक्त पिणाऱ्यांवर चालते, पिसे खाणाऱ्या उवांवर फारसे नाही, आणि त्याचा अंश अंड्यात राहतो. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ते देऊ नये.

फवारणी रिकाम्या खुराड्यात, भेगा आणि सांधे भिजतील अशी करावी. दाणा, पाणी, अंडी आधी बाहेर काढावीत, तोंडाला फडके आणि हातात मोजे असावेत. आतले पूर्ण वाळल्यावर नवे कुटार घालावे. कोंबडीवर पावडर टाकायची तर पाठीवर शिंपडून काही होत नाही. एकाने पाय धरून कोंबडी उलटी धरावी, म्हणजे पिसे आपोआप उघडतात. दुसऱ्याने गुदद्वाराभोवती, पोटावर आणि दोन्ही पंखांखाली पावडर कातडीपर्यंत चोळावी. डोळे, चोच टाळावी. हे काम संध्याकाळी केले तर एकही कोंबडी सुटत नाही. एक सुटली तरी महिन्याभरात सगळ्यांच्या अंगावर पुन्हा उवा होतात. पातळ औषध फवारायचे असेल तर मात्र सकाळी फवारावे, म्हणजे अंग उन्हात वाळते.

हे सगळे सात ते दहा दिवसांनी पुन्हा करायचे. कोणतेही साधे औषध लिखा आणि अंडी मारत नाही. पहिल्या वेळी मोठे जीव मरतात, मागे राहिलेल्या अंड्यांतून नवे बाहेर पडतात, आणि ते मोठे होऊन अंडी घालण्याआधी दुसरा हात फिरला पाहिजे. दुसऱ्या वेळेनंतर रात्री पुन्हा फडके घासून बघावे. लाल डाग दिसले तर तिसऱ्यांदा.

कोंबडी स्वतःही आपली काळजी घेते, तिला फक्त जागा द्यावी लागते. ती धुळीत लोळते तेव्हा बारीक कण पिसांत शिरतात आणि उवा-माइट झडतात. इथली काळी माती यासाठी चांगली नाही, पावसाळ्यात तिचा चिखल होतो आणि वाळली की ढेकळे. दोन फूट लांब-रुंद, फूटभर खोल खड्डा छपराखाली करून त्यात नाल्याची बारीक रेती आणि पऱ्हाटीची चाळलेली राख घालावी. कडुनिंबाचा वाळलेला पाला चुरून टाकायला हरकत नाही. राख कोरडीच हवी, ओली झाली की ती कातडीला झोंबते. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर जुन्या काळापासून वापरतात, पण ती डोळ्यांत गेली तर डोळ्याला गंभीर इजा करते, म्हणून मी ती सुचवणार नाही.

खुडूक कोंबडीची गोष्ट वेगळी. ती एकवीस दिवस अंड्यांवर बसते, फार तर दाण्यापाण्याला उठते, धुळीत लोळणे जवळजवळ थांबते. उवांची एक पिढी तयार व्हायलाही साधारण तेवढेच दिवस लागतात. पिले बाहेर येतात ती आईच्या पिसांत शिरतात आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या डोक्यावर उवा चढतात. एवढ्याशा पिलावर पावडर टाकता येत नाही. म्हणून कोंबडी बसवण्याच्या आधी आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा तिचे अंग तपासून उपचार उरकावेत, टोपले उकळत्या पाण्याने धुऊन वाळवावे आणि नवे गवत घालूनच अंडी ठेवावीत. आठवडी बाजारातून आणलेली नवी कोंबडीही तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावी, तिचेही पंखाखालचे, शेपटीखालचे अंग तितक्या वेळात दोनदा पाहावे, आणि मगच तिला बाकीच्यांत सोडावे.