बंडीचा तोल, बैलाची मान

दिवाळीच्या सुमारास यवतमाळ जिल्ह्यात कापूस वेचणीला जोर येतो. दारव्हा, दिग्रस, आर्णी, वणी, कुठल्याही गावच्या रस्त्याला उभे राहा. ट्रॅक्टर-टेम्पोच्या गर्दीत अजूनही एखादी बैलबंडी दिसतेच. ती भरणाऱ्या माणसाकडे नीट बघा बरं! चार पोती पुढे टाकतो, दोन मागे ठेवतो, जू हाताने उचलून बघतो, मग एखादे पोते पुन्हा सरकवतो. काय चाललंय त्याचं? तो गुरुत्वमध्य शोधतोय!

वस्तूचे सगळे वजन जणू एकाच बिंदूत एकवटले आहे असे धरता येते. तो बिंदू म्हणजे गुरुत्वमध्य. पट्टीचा गुरुत्वमध्य बरोबर मध्ये असतो, हे बोटावर पट्टी तोलून लगेच कळते. पण अनेक भागांनी बनलेल्या वस्तूचा कसा शोधायचा?

चला, करून पाहू. जाड पुठ्ठ्यावर 6 सेंटिमीटर बाजूचे तीन चौरस आखा. दोन एकावर एक आणि तिसरा खालच्या चौरसाला उजवीकडे चिकटून. हा इंग्रजी 'एल' आकार अखंड कापून घ्या. आता त्याचे मनातल्या मनात दोन भाग करा : उभा भाग दोन चौरसांचा, आडवा भाग एका चौरसाचा. दोन्ही भागांचे मध्यबिंदू काढून ते रेषेने जोडा. उभा भाग दुप्पट जड, म्हणून गुरुत्वमध्य त्याच्याकडे जास्त झुकणार. रेषेचे तीन सारखे भाग करा आणि उभ्या भागाच्या मध्यापासून एक भाग सोडून खूण करा. ती खूण डाव्या कडेपासून 5 आणि खालच्या कडेपासूनही 5 सेंटिमीटरवर येईल. आता पेन्सिलीच्या बोथट टोकावर तिथेच पुठ्ठा ठेवा. तोलला ना? हा नियम ग्रीक आर्किमिडीजने सव्वादोन हजार वर्षांपूर्वी मांडला होता.

भाग दोनपेक्षा जास्त असले तर? प्रत्येक भागाचे वजन गुणिले त्याचे अंतर, असे गुणाकार करायचे, त्यांची बेरीज करायची आणि एकूण वजनाने भागायचे. बस्स!

हेच गणित बंडीला लावू. अंतर चाकांच्या आसापासून मोजायचे. पुढचे अधिक, मागचे उणे. रिकामी बंडी आसावर तोललेली आहे असे धरू. 50 किलोची चार पोती आसाच्या 30 सेंटिमीटर पुढे : 200 × 30 = 6000. हाकणारा 60 किलोचा, 100 सेंटिमीटर पुढे : 6000. दोन पोती 90 सेंटिमीटर मागे : 100 × 90 = 9000, पण उणे. उरले 3000. त्याला एकूण 360 किलोंनी भागा. गुरुत्वमध्य आसाच्या जेमतेम 8 सेंटिमीटर पुढे आला. जू आसापासून 250 सेंटिमीटरवर असेल, तर दोन्ही बैलांच्या मानेवर मिळून भार 3000 ÷ 250 = 12 किलो.

आता मागची दोन पोतीही पुढच्या चारांजवळ ठेवा. बेरीज होते 15000, आणि मानेवर भार 60 किलो! तीच पोती, तोच माणूस, पण बैलांना पाचपट ओझे.

उलट, पहिल्याच मांडणीत हाकणारा टुणकन खाली उतरला तर? पुढे 6000, मागे 9000. बंडी मागे उलाळते, जू वर उचलले जाते आणि गळ्यातल्या जोत्याने बैलांचा गळा आवळतो. म्हणून भरताना आधी पुढची पोती आणि उतरवताना आधी मागची.

कापसाची आणखी एक गंमत. तो हलका, म्हणून उंच रचतात. मग गुरुत्वमध्यही वर चढतो. एक चाक खड्ड्यात गेले आणि गुरुत्वमध्यातून सरळ खाली काढलेली रेषा चाकांच्या बाहेर पडली, की बंडी कलंडलीच!

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतो. वर्षभर जू वाहून दुखलेल्या खांद्यांची ती सेवा. पण पोते योग्य जागी सरकवणे, हीसुद्धा सेवाच की! ती तर रोज करता येते.

आईबाबांनो, बंडी भरताना मुलांच्या हाती मोजपट्टी द्या. आणि मुलांनो, हिशेब करून सांगा बरं : कोणते पोते कुठे ठेवायचे?