मराठी अक्षराचें वळण

हल्लीं घरोघरीं मुलें कागदापेक्षां मोबाइलच्या पडद्यावरच अधिक वाचतात, ही गोष्ट सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु त्या पडद्यावरील अक्षर निरखून पाहणारे थोडे. सुज्ञ वाचकांनीं एखादें मराठी संकेतस्थळ उघडून त्यांतील ‘ल’ आणि ‘श’ हीं दोन अक्षरें मुद्दाम न्याहाळावीं. पुष्कळ ठिकाणीं शाळेंत शिकविलेला ‘ल’ तेथें नसतो; उभ्या दंडाचा, हिंदी वळणाचा असतो. ‘श’ची गतही तीच. वास्तविक महाराष्ट्र शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयान्वयें मराठीसाठीं पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ हीं रूपें ठरवून दिलीं आहेत. म्हणजे मूल पाटीवर एक अक्षर गिरवितें आणि पडद्यावर दुसरेंच वाचतें.

हा केवळ शोभेचा प्रश्न नव्हे. अक्षराच्या रूपावर अर्थही अवलंबून असतो. ‘आचार्यास दक्षिणा दिली’ आणि ‘आचाऱ्यास दक्षिणा दिली’ या वाक्यांपैकीं पहिल्यांत गुरु आहे, दुसऱ्यांत स्वयंपाकी. भेद काय तो रकाराच्या रूपाचा! संगणक तर ‘क्ष’ हें जोडाक्षर एकसंध सांठवीत नाहीं. तो क, हलन्त-चिन्ह व ष असे सुटे घटक ठेवितो; त्यांच्या जागीं ‘क्ष’ हें रूप आणणें हें फाँटाचें काम. पाणिनीय व्याकरणांत स्थानीच्या जागीं आदेश येतो, तशांतलाच हा प्रकार. हे आदेश लिपीची जाण असलेल्या कोणीतरी आधीं लिहून ठेवावे लागतात.

अक्षर घडविणारे हात पूर्वींही होतेच. जावजी दादाजी यांनीं १८६९ सालीं मुंबईस निर्णयसागर छापखाना स्थापिला; तेथील सुबक संस्कृत ग्रंथांवर अभ्यासकांच्या कित्येक पिढ्या पोसल्या. त्या काळीं कारागीर पोलादी ठशावर प्रत्येक अक्षर उलटें कोरी, तो ठसा तांब्यावर ठोकी, आणि अशा साच्यांतून शिशाचे खिळे ओतले जात.

ही कारागिरी संगणकांत नेणाऱ्यांमध्यें रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांचें नांव अग्रगण्य आहे. जाहिरातींच्या व्यवसायांत दीर्घकाळ काम करून १९८३ पासून त्यांनीं पवईच्या आय.आय.टी.मध्यें अध्यापन केलें. विंडोज २००० बरोबर देशभर गेलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट त्यांचाच. विशेष हें कीं, हा मनुष्य कवि होता, आणि सुलेखनकारही होता. संगणकापुढें बसण्यापूर्वीं हातीं लेखणी कां असावी, याचें कारण उघड आहे. देवनागरीचा बोरू रोमन लेखणीच्या उलट तिरपा कापतात. म्हणून आपल्या अक्षरांतील जाड-बारीक रेघाही उलट जागीं पडतात. ज्यानें बोरू धरला नाहीं तो नकळत देवनागरीस इंग्रजी अक्षराचा अंगरखा चढवितो.

पुढील पिढीनेंही प्रयोग चालू ठेविले आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षरकारांच्या मंडळीनें ‘मोदक’ नांवाचा फाँट केला. त्यांतील अक्षरें इतकीं गुबगुबीत कीं आंतली पोकळी दोऱ्याएवढीच उरते. तथापि तीं वाचतां येतात. त्यांचाच ‘मुक्ता’ नित्याच्या मजकुरासाठीं आहे. दोन्ही विनामूल्य मिळतात.

‘ल’ आणि ‘श’ यांवरही उपाय आहे. फाँटांत हिंदी व मराठी दोन्ही रूपें भरलेलीं असलीं, आणि पान तयार करणाऱ्यानें त्याच्या मुळाशीं ‘भाषा मराठी’ अशी लहानशी खूण नोंदविली, कीं मराठी रूपें आपोआप उमटतात. खूण राहिली तर दोष यंत्राचा नव्हे. ती न मागणाऱ्या आपला आहे. आणि डोळ्यास फरकच कळला नाहीं तर मागणार कोण?

मीं शाळेंत जन्मभर कित्ते गिरवून घेतले. त्या अनुभवावरून एक सुचवितों. आमच्या धाराशिवकडे दसऱ्यास पाटीवर सरस्वती काढून तिचें पूजन करितात. यंदा पूजनानंतर घरांतील आजोबांनीं किंवा काकांनीं मुलांस बोरू कापून द्यावा. बोरू न मिळाल्यास बांबूची कामटी तासावी. दौतींत बुडवून प्रत्येकानें ‘ल’, ‘श’, ‘आचार्यास’ व ‘आचाऱ्यास’ एवढेंच लिहावें, आणि मग तींच अक्षरें मोबाइलवर काढून शेजारीं ठेवावीं. कोणतें रूप आपलें, हें मुलें स्वतःच सांगतील. त्यांतील एखादें पुढें संकेतस्थळें घडवूं लागलें, तर ती खूण लिहिण्यास विसरणार नाहीं.